खाडे ४

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी आमच्या घरी सकाळी घागर भरली जाते. नवी मातीची घागर, तिच्यावर डांगर, शेजारी सांजोऱ्या आणि आमरस. निखाऱ्यावर घास टाकून आगारी होते, गेलेल्या माणसांची नावं घेतली जातात. माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला झोके बांधून गाणी म्हणतात. खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी सांगायची वेळ आली की आपण इथवर सांगून थांबतो. पण त्याच दिवशी दुपारी ओट्यावर आणखी एक काम चालायचं. सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशोब व्हायचा. जुनं साल संपायचं, नवं ठरायचं. सकाळी पितरांची नावं घेणारे आम्ही दुपारी एका माणसाच्या वर्षाची किंमत ठरवायचो.

माझं घर शहादा भागातलं, बागायतदाराचं. आजोबांची सालाची वही अजून आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, कोपऱ्याला वाळवी लागलेली. प्रत्येक पानावर वर ‘श्री’, खाली सालदाराचं नाव. बापाचं नाव नाही, आडनाव नाही. नावही पुरतं नाही, शेवटी ‘या’ लावून तोडलेलं. मग रकमा उतरत जातात: ठरलेलं साल, उचल, ज्वारी इतके पायली, जोडा एक, घोंगडी एक, लग्नासाठी उचल, दवाखाना, खाडे. वर्षअखेरीला बेरीज, आणि बेरजेखाली जवळजवळ दरवर्षी एकच शब्द: बाकी. ती बाकी पुढच्या पानाच्या पहिल्या ओळीत जाऊन बसते. एका पानावर पोळ्यानंतरच्या नोंदीत लिहिलंय, ‘खाडे ४’. कामावर न आलेल्या चार दिवसांचे पैसे कापलेत.

वसाहतीचा आणि गुलामगिरीचा इतिहास वंचितांच्या बाजूने पुन्हा सांगायला हवा, असं आपण हल्ली ऐकतो आणि माना डोलावतो. तो इतिहास लांबचा वाटतो. आफ्रिकेचा किनारा, जहाजं, साखळ्या, अमेरिकेतले मळे. माझं म्हणणं असं की खानदेशात हा इतिहास सांगायचा तर या वहीपासून सुरुवात करावी लागेल. आणि ज्यांच्या घरात अशा वह्या आहेत त्या आपल्याला तो ऐकायला बसावं लागेल.

खानदेशचा शिकवला जाणारा इतिहास आठवून पाहा. फारुकी सुलतान, असीरगड, मोगल, पेशवे, होळकर. १८१८ला इंग्रज आले. मग ‘भिल्लांचे उपद्रव’. मग १८२५ला भिल्ल एजन्सी, धरणगावला जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने उभी केलेली भिल्ल पलटण, आणि त्याने भिल्लांना कसं माणसाळवलं याची गोष्ट. हा शब्द मी शाळेत ऐकला, शिक्षकांनी कौतुकाने उच्चारला, आम्ही वहीत उतरवून घेतला. माणसाळवणं हे क्रियापद आपण जनावरांसाठी वापरतो. ज्याच्या शिकारीला माणूस निघाला, त्यानेच ती गोष्ट लिहिली, आणि आपण दोनशे वर्षं ती त्याच शब्दांत पाठ करत आलो.

तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगून पाहू. १८१८च्या आधी सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या घाटवाटांवर भिल्ल नाईकांचा पहारा असे आणि त्या पहाऱ्याबद्दल त्यांचे हक्क असत. गावात भिल्ल जागल्या असे, त्याला गावच्या उत्पन्नात वाटा असे. हे हक्क फार सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. पेशवाईच्या अखेरीस होळकर-शिंद्यांच्या लढायांत खानदेश लुटला गेला, १८०३-०४च्या दुष्काळाने उरलंसुरलं नेलं, आणि भिल्ल डोंगरात गेले. त्याच सुमारास पेशव्यांच्या बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराने कोपरगावला भिल्लांना बोलावून घेतलं, दगा केला आणि त्यांना मारून विहिरींत टाकलं. हे इंग्रजांनी केलेलं नाही. आपल्या माणसांनी केलेलं आहे. म्हणून वसाहतीचा इतिहास नव्याने सांगताना ‘आधी सगळं छान होतं, गोरे आले आणि बिघडलं’ ही सोय आपल्याला घेता येत नाही. भिल्लांच्या बाजूने पाहिलं तर १८१८ला एका सत्तेच्या जागी दुसरी आली. फरक असा की दुसरीकडे मोजणीची साखळी होती, तुरुंग होता, नोंदवही होती आणि ती सत्ता हटणारी नव्हती.

इंग्रजांना दिसला तो ‘उपद्रव’. नाईकाला दिसत होतं की बापजाद्यांपासूनचा घाटाचा हक्क एका कागदाने बंद झाला. तो हक्क वसूल करायला गेला की लुटारू, नाही गेला की उपाशी. आधीची सात वर्षं फाशी, पाठलाग आणि रसद तोडणं यांत गेली. त्यानंतर माफी, तगाई, पेन्शन आणि पलटणीत भरती. आउट्रमची हुशारी मी नाकारत नाही. पण पलटणीत शिरलेल्या तरुण भिल्लाने काय हिशोब केला असेल, हा प्रश्न आपल्या इतिहासात कधी पडलेलाच नाही. डोंगरात राहिलं तर गोळी, खाली उतरलं तर पगार. त्याने पगार घेतला. पुढे त्याच पलटणीला आपल्याच भाऊबंदांवर चालून जावं लागलं. त्या रात्री त्याच्या घरी काय बोलणं झालं असेल, ते कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

खाजा नाईकाचं उदाहरण घ्या. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा तो कंपनीचाच नोकर होता. एका आरोपीच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, तुरुंग झाला, सुटल्यावर पुन्हा कामावर घेतलं आणि १८५७ला तो उठला. त्याने सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ला सातपुड्यात अंबापाणी इथे लढाई झाली, भिल्ल मारले गेले, पकडलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि बायका कैद झाल्या. आता खाजा नाईकाच्या नावाची फ्लेक्स लागतात, जयंतीला भाषणं होतात. ते व्हायलाच हवं. पण त्या कैद झालेल्या बायका कुठे गेल्या, किती परत आल्या, कुणाची पोरं वाटेत गेली, हे आपण विचारत नाही. वीर मिळाला की आपलं समाधान होतं. जुन्या यादीत एक नाव वाढलं, यादी मात्र जुन्याच पद्धतीची राहिली: लढाई, तारीख, सेनापती.

माझा मुद्दा इथेच आहे. वंचितांच्या बाजूने इतिहास सांगायचा तर यादीत नावं वाढवून काम भागत नाही, कशाला घटना म्हणायचं हे बदलावं लागतं. जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर गेली, ही घटना आहे. उचल किती होती, ही घटना आहे. कोण कुणाला अरे म्हणायचा, हीसुद्धा घटनाच.

आता कापसाकडे येतो, कारण खानदेश आणि अमेरिकेतली गुलामी यांना बांधणारा धागा खरोखरच सुताचा आहे.

इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. तो वेचायचे काळे गुलाम. १८६०च्या सुमारास त्या देशात जवळजवळ ४० लाख माणसं दुसऱ्या माणसांच्या मालकीची होती. १८६१ला तिथे यादवी पेटली, बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्यांचा कापूस आटला. मग मुंबईचे भाव आकाशाला भिडले. खानदेशात ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस आला. सरकारने स्थानिक वाण बाजूला सारून हिंगणघाटी बियाण्याचा आग्रह धरला. त्याच दशकात रेल्वे चाळीसगावावरून भुसावळला पोचली आणि गाठोडी थेट बंदराकडे जाऊ लागली. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या वाड्यांचे खण, सागवानी खांब, नक्षीच्या तुळया त्या चार-पाच वर्षांतल्या पैशाच्या आहेत. घरोघरी ‘तेजीचा काळ’ अशी त्याची आठवण सांगतात.

१८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर काढलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं. आणि कर्ज फेडायला आता एक नवी वस्तू हाताशी होती: जमीन. इंग्रजी मोजणीने प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर दिला, नंबरला नाव दिलं, आणि नाव लागलेली जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली, कोर्टातून जप्त करता येऊ लागली. या मोजणीविरुद्ध १८५२ला सावदा, रावेर, चोपडा भागातले शेतकरी उठले होते. सरकारने फौज पाठवून ते मोडलं. म्हणजे कुणब्या-पाटलांच्या घरांनीही वसाहतीचा मार खाल्ला, हे खरंच आहे. मी ते झाकत नाही.

पण मार सगळ्यांना सारखा बसला नाही. ज्याला वाचता येत होतं, ज्याची कचेरीत ओळख होती, त्याने दहा वर्षांत नवी रीत शिकून घेतली. भिल्लाला तेवढी सवड मिळाली नाही. त्याच्या लेखी जमीन ही कसायची गोष्ट होती, कागदावर ठेवायची नव्हे. १८७८च्या जंगल कायद्याने डोंगर सरकारी झाला. आदल्या पिढीपर्यंत जिथून लाकूड, मोह, डिंक आणायचा, तिथे जाणं गुन्हा ठरलं. खाली सपाटीवरची जमीन अंगठ्याच्या ठशावर सावकाराकडे आणि आमच्यासारख्या घरांकडे सरकत गेली. डोंगर बंद आणि रान गेलेलं, अशा माणसाला एकच दार उघडं राहिलं. ते आमच्या ओट्याचं.

म्हणून मला सालदारकी ही वसाहतीच्या इतिहासाबाहेरची, ‘आपली जुनी चाल’ वाटत नाही. सालाने माणूस ठेवण्याची रीत जुनी असेल. पण ज्या संख्येने, ज्या ‘बाकी’च्या जोरावर आणि ज्या माणसांना ती बांधत गेली, ते सगळं एकोणिसाव्या शतकात घडलेलं आहे. मिसिसिपीच्या काठावर गुलामी संपली त्याच दशकात, त्याच पिकापायी, तापीच्या काठावर एक निराळं बंधन आवळत गेलं.

इथे मला जपून बोलायचं आहे. अमेरिकेतली गुलामगिरी आणि सालदारकी एक नाहीत. तिथे माणूस बाजारात विकला जायचा, त्याची पोरं जन्मतःच मालकाची, बायको एका मळ्यावर आणि नवरा दुसऱ्या. आमच्याकडे सालदार बाजारात उभा केला जात नव्हता, आखाजीला तो दुसरा मालक धरू शकत होता. दोन दुःखं एकाच मापाने मोजली की दोन्हींचा अपमान होतो. तरी आखाजीला दुसरा मालक धरायचा तर आधी बाकी फेडावी लागे. बाकी नवा मालक फेडायचा आणि ती त्याच्या वहीत चढायची. माणूस विकला जात नव्हता, त्याची बाकी विकली जायची, आणि तिच्यामागे तो चालत जायचा.

इंग्रजांचा कायदाही याच फटीतून निसटला. १८३३ला ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद केली तेव्हा कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना काही नाही. हिंदुस्थानात १८४३ला पाचवा कायदा आला, त्याने गुलामीला कायद्याची मान्यता काढून घेतली. पण कर्जापोटी राबणं ही गुलामी नसून करार आहे, असं धरलं गेलं. वेठबिगार मोडणारा कायदा यायला १९७६ उजाडावं लागलं.

हा सांधा आपल्याकडे एका माणसाने फार आधी ओळखला होता. १८७३ला जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी झीज सोसली, त्यांना ती अर्पण केली. यादवी संपून पुरी आठ वर्षं होत होती. पुण्यात बसून त्यांनी तिथल्या गुलामाचं आणि इथल्या शूद्रातिशूद्राचं दुःख शेजारी ठेवलं आणि इथल्या लोकांना विचारलं, तुम्ही काय करणार? आपल्याला वाटतं, जगाच्या इतिहासाशी नातं जोडणं ही विद्यापीठातली नवी टूम आहे. मराठीत तिला दीडशे वर्षं झाली.

आता त्या चार खाड्यांकडे येतो.

त्या पानावरचा सालदार गेला. त्याची बायको आहे, ऐंशीच्या पुढची, आमच्या गावाच्या कडेच्या वस्तीत नातवाजवळ राहते. लहानपणी मी तिला नावाने हाक मारायचो, अगं-तुगं करायचो. गावातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही पोराने दुसऱ्या घरातल्या म्हातारीला असं हाकारलं असतं तर कानाखाली बसली असती. आम्हाला गावभर आबा, नाना, तात्या, जिजी होत्या. तिच्या वस्तीवर मात्र आमचा कुणी काका नव्हता, कुणी मावशी नव्हती. तिच्या नवऱ्याला, माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाला, मी सहा वर्षांचा असताना ‘ए, पाणी आण’ म्हटलेलं मला आठवतं. तो पाणी घेऊन आला होता.

गेल्या वर्षी मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. पहिल्यांदा ‘माय’ म्हटलं तेव्हा तिने मान वर करून पाहिलं, बोलली नाही. मी एकेक पान वाचत गेलो. ज्वारीच्या पायल्या ऐकताना ती मान हलवत होती. लग्नाच्या उचलीला म्हणाली, ते दिराचं लग्न. ‘खाडे ४’ वाचल्यावर तिने हात वर केला. पोरगी तापाने गेली होती, म्हणाली. दोन दिवस तापातले, एक मातीचा. चौथ्या दिवशी नवरा कामाला निघाला होता, तिने त्याचं धोतर धरून ठेवलं. ‘मी जाऊ दिधं नही,’ म्हणाली. मग विचारलं, ‘त्या दिननाबी पैसा कापेल शेतस का?’ त्या दिवसाचेही पैसे कापलेत का. मी वही बघितली. चारही दिवसांचे कापले होते.

माझे आजोबा क्रूर नव्हते. पोळ्याला सालदाराला पुरणपोळी, दिवाळीला कापड देणारे, गावात न्यायाने वागणारे म्हणून लोक त्यांची आठवण काढतात. सालदार घरच्यासारखा होता, असं माझी आई अजून म्हणते आणि खोटं बोलत नाही. तिला तसंच वाटत होतं. पण घरच्यासारखा असता तर पोरगी गेल्याचं वहीत कुठेतरी आलं असतं. माझ्या एका चुलत्याचं बाळ गेलं त्याची नोंद त्याच वहीत मागच्या पानावर आहे, तिथीसकट.

लोक विचारतात, पुरावा कुठे आहे? आपला खानदेश कागदांना मानणारा आहे. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर दप्तरं शोधत फिरले आणि धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. कागदाशिवाय बोलू नये, ही शिस्त मराठीला त्यांनी लावली आणि तिचा मला आदर आहे. पण दप्तर कुणाच्या घरी असतं? ज्याच्या घरी मालकी असते त्याच्या. भिल्ल, पावरा, मावची अशा आदिवासींची बाजू त्या कागदावर रकान्याबाहेर सांडलेली असते, ‘बाकी’सारख्या एखाद्या शब्दात. कागद सोडा असं मी म्हणत नाही. कागद घेऊन त्या माणसाच्या घरी जा आणि त्याला वाचून दाखवा, एवढंच म्हणतो. म्हातारीची आठवण चुकू शकते, दिराचं लग्न कुठल्या साली झालं ते ती चुकीचं सांगेल. तशी चूक आजोबांच्या बेरजेतही आहे, मी दोन ठिकाणी पकडली आणि दोन्ही चुका मालकाच्या फायद्याच्या निघाल्या. दोन्ही साक्षी घासून पाहायच्या. आजवर आपण एकच पाहत होतो.

दुसरी हरकत माझ्याच भाऊबंदांची आहे. जुनं उकरून गावात तेढ कशाला? मला कळतं, त्यामागे भीती आहे. १९७२ नंतर शहादा-तळोद्यात अंबरसिंग सुरतवंती हा भिल्ल पुढारी आणि श्रमिक संघटना यांच्या मागे हजारो सालदार उभे राहिले. गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरी वाढवून मागितली, भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली. तेव्हा आमच्या घरांतून पीक संरक्षणाच्या नावाखाली लाठ्यावाले नेमले गेले. ती वर्षं अजून कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पण त्याच रेट्यामुळे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राला १९७४ला करावा लागला. तेढ उकरण्याने येत नाही. ती आहेच, आमच्या वस्तीत आणि त्यांच्या वस्तीत मधला जो नाला आहे तिथे. बोललं नाही म्हणून तो नाला बुजलेला नाही.

नंदुरबारला बाजारपेठेत शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ला पंधरा वर्षांचा पोरगा तिरंगा हातात घेऊन गोळ्या झेलत पडला, त्याच्याबरोबर आणखी चौघं. त्या चौकातून जाताना आजही अंगावर काटा येतो. त्याच्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २ मार्च १९४३ला, तळोद्याजवळ रावलापाणीला इंग्रजी बंदुका पुन्हा चालल्या. समोर आप संप्रदायाचे आदिवासी होते. दगडांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत, तिथले लोक त्यावर बोट ठेवून दाखवतात. त्याच जिल्ह्यात, त्याच सरकारच्या गोळीने मेलेली ही माणसं किती शाळांतल्या मुलांना ठाऊक आहेत? मी माझ्या गावच्या दहावीच्या वर्गात विचारलं. शिरीषकुमार सगळ्यांनी सांगितला. रावलापाणी दोन पोरांना माहीत होतं, दोघंही सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतली.

आप संप्रदायाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण मला त्यातली एक गोष्ट सोडवत नाही. तळोद्याकडच्या मोरवडच्या गुला महाराजांनी १९३०च्या दशकात ही चळवळ उभारली. दारू सोडा, अंघोळ करा, आरतीला जमा. हजारो आदिवासी जमू लागले तसा सरकारला आणि मालकांना घोर लागला. १९३८ला महाराज गेले, धाकट्या भावाने, रामदास महाराजांनी, काम पुढे नेलं आणि सरकारी रोष ओढवून घेतला. सुधारणेच्या चळवळी पुष्कळ झाल्या. पण या माणसाने आपल्या लोकांना सांगितलं की एकमेकांना ‘आप’ म्हणा. बाईने बाईला, बापाने पोराला, सगळ्यांनी सगळ्यांना. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अरे-तुरेशिवाय कुणी बोलावलं नव्हतं, त्यांनी आदराचं सर्वनाम स्वतःकडे घेतलं. जमीन मागितली नव्हती, पगार मागितला नव्हता, तरी बंदुका आल्या. आम्ही सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी ‘ए’ का घालत होतो, हे मला गुला महाराजांच्या गोष्टीतून समजलं.

मग करायचं काय? मला मोठ्या योजना सुचत नाहीत. रावलापाणी आणि अंबापाणी नंदुरबार, धुळे, जळगावच्या शाळांत शिकवलं जावं, आणि ‘माणसाळवलं’ हा शब्द निदान आपल्या तोंडून जावा. कॉलेजात इतिहास घेतलेल्या पोरांना प्रकल्प म्हणून किल्ल्याचे फोटो आणायला सांगतात. त्याऐवजी आपल्याच गावच्या शंभर एकराचे जुने फेरफार काढायला सांगावेत: कुठला सर्व्हे नंबर कुठल्या साली कुणाकडून कुणाकडे गेला, कितीला, कुठल्या कर्जापोटी. तलाठ्याच्या दप्तरात हे सगळं आहे. पावरी, भिलोरी, मावचीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच नातवंडांनी मोबाइलवर भरून घ्याव्यात, त्यांच्याच भाषेत, आणि मराठी करताना त्यांना विचारून करावं. हे आमच्यासारख्यांनी करून त्यांना दाखवायचं काम नाही. आमचं काम कपाटातल्या वह्या बाहेर काढायचं. खानदेशातल्या जुन्या वाड्यांत अशा शेकडो वह्या रद्दीत चालल्या आहेत. कुणी लाजेने जाळतात, कुणाला त्यांची किंमत कळत नाही. जाळू नका. लाज वाटत असेल तर ती वहीसकट बाहेर आणा.

मला आमची वही एखाद्या संग्रहात द्यायची होती. नीट जपली जाईल, अभ्यासकांना मिळेल, असा माझा विचार. म्हातारीच्या नातवाला मी तसं सांगितलं. तो शहाद्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘भाऊ, झेरॉक्स तुम्ही द्या त्यांना. असली आमच्याकडे राहू द्या.’ मला ते लगेच पटलं नाही. वाळवी लागेल, पावसाळ्यात भिजेल, असं काहीबाही मी बोललो. तो म्हणाला, तुमच्याकडे असतानाच वाळवी लागली ना?

आखाजीच्या आठ दिवस आधी मी वही त्याच्याकडे दिली. त्याने तिथेच ते पान काढलं, आजीला विचारलं आणि ‘खाडे ४’समोर पेन्सिलीने आपल्या आत्याचं नाव लिहिलं. आमच्या घरात ते नाव कुणालाच माहीत नव्हतं. मग पान उलटून तो आजीला पुढच्या सालाबद्दल विचारू लागला.